आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: चाकांवरच्या घरातलं गूढ पाणी

(ऐकायला साधारण १६ मिनिटं. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच उतरवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका ओल्या मोज्यापासून सुरू होते.

मिशिगनमध्ये राहणारी आपली एक श्रोती आहे. मूळची सांगलीची, नाव नको म्हणाली. तिनं आणि नवऱ्यानं एप्रिलमध्ये सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ऑगस्टमध्ये आई-बाबा सांगलीहून येणार होते, त्यांना घेऊन लेक सुपीरियरच्या काठाला पिक्चर्ड रॉक्स बघायला जायचं, असा बेत होता. आईचे गुडघे दुखतात, तंबूत झोपणं जमणार नाही, म्हणून ट्रेलर. साठवलेले बरेचसे पैसे त्यात गेले. जूनमध्ये पहिली ट्रिप झाली आणि मग तिची ही व्हॉईस नोट आली:

"दादा, सकाळी उठले, पलंगावरून पाय खाली टाकला आणि मोजा गच्च ओला. वाटलं, रात्री पाण्याची बाटली सांडली असेल. पुसून घेतलं. दुपारी परत ओलं. बाटली कुणाचीच सांडली नव्हती."

ज्यांनी ट्रॅव्हल ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कारच्या किंवा पिकअपच्या मागे हुकाला अडकवून ओढायचं घर. याला स्वतःचं इंजिन नसतं. आत पलंग, ओटा, गॅस, फ्रीज, छोटं बाथरूम, खाली पाण्याच्या टाक्या. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात. खाली पोलादी चासी, वर बऱ्याचदा लाकडी सांगाडा, त्यात फोम किंवा तसलंच काही भरलेलं, आतून पातळ प्लाय, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर ग्लास, आणि छतावर रबरासारखा एक अखंड पडदा. आता हे घर हायवेवरून ताशी शंभर किलोमीटरनं खडखडत जातं. आपली सिमेंटची बिल्डिंग जागची न हलता गळते, तर हे का नाही गळणार?

आणि गळालं की प्रकरण नुसत्या ओल्या मोज्यावर थांबत नाही. प्लाय पाणी पितो, फुगतो, मग भुसभुशीत होतो. आत बुरशी धरते. फायबर ग्लासची भिंत असेल तर आतला थर सुटतो आणि बाहेरून फोड आल्यासारखी दिसते. जमीन अंगठ्यानं दाबली आणि अंगठा आत गेला, की त्या ट्रेलरची किंमत जवळजवळ संपलीच म्हणायची. म्हणून ती घाबरली होती, आणि बरोबरच घाबरली होती.

आता माणूस अशा वेळी काय करतो? ओल दिसली तिथं बघतो. तिथली जमीन, तिथली भिंत, त्याच्या वरचं छत. इथंच बहुतेकांची गाडी घसरते. ट्रेलरमध्ये पाणी जिथून आत येतं तिथं क्वचितच दिसतं. ते भिंतीच्या पोकळीतून उतरतं, जमिनीच्या व्हायनलखाली शिरतं, उतार मिळेल तिकडे सरकतं आणि दहा-बारा फूट लांब जाऊन कुठल्यातरी सांध्यातून वर येतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्यामुळे 'कुठे ओलं आहे?' हा प्रश्न थोडा मागे ठेवायचा. आधी विचारायचं, 'केव्हा ओलं होतं?'

का, ते सांगतो. ट्रेलरमध्ये पाणी चारच वाटांनी येतं. एक, पाऊस. दोन, नळाचं पाणी, म्हणजे प्रेशरखालच्या नळ्या. तीन, वापरलेलं पाणी, म्हणजे सिंक, शॉवरची मोरी, त्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या. आणि चार, हवेतली वाफ, जी गार भिंतीवर पाणी होऊन बसते. या चौघांच्या वेळा वेगळ्या आहेत. पाऊस पावसात येतो. नळाचं पाणी नळीत प्रेशर असेल तेव्हा येतं, पाऊस असो वा ऊन. सांडपाणी आंघोळीनंतर, भांड्यांनंतर. वाफेचं पाणी थंड रात्रीनंतर पहाटे. वेळ पकडली की चारातले तीन आरोपी आपोआप सुटतात.

तुमच्यापैकी जे मुंबई-पुण्यात सोसायटीत राहतात त्यांना हे नवीन नाही. भिंतीला ओल फक्त जुलैत येते की बारा महिने, यावरूनच कळतं ना, की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं की वरच्या मजल्यावरच्या काकांशी भांडायचं!

परत मिशिगनला येऊ. पहिल्या ट्रिपला दुसऱ्या रात्री पाऊस होता. दोन आठवड्यांनी दुसरी ट्रिप, तेव्हाही पाऊस, आणि परत पलंगाजवळ ओल. झालं! दोघांनी निकाल लावला, छत गळतंय. नवरा शिडी लावून चढला आणि दिसेल त्या सांध्यावर बाजारातलं साधं सिलिकॉन थापून आला.

यात दोन चुका आहेत. दुसरी आधी सांगतो. ट्रेलरच्या छताला साधं सिलिकॉन लावायचं नसतं. त्या रबरी पडद्यावर ते नीट धरत नाही, आणि पुढं त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. त्यासाठी वेगळं सीलंट मिळतं, जे स्वतःच पसरून सपाट होतं. आणि खिडक्यांच्या, कडेच्या पट्ट्यांच्या मागे ब्युटाइल टेप असते, चिकणमातीसारखी. ती म्हातारी होऊन कडक झाली की फट पडते. म्हणजे नवऱ्यानं दुरुस्तीपेक्षा पुढचं खरवडण्याचं काम वाढवून ठेवलं.

पहिली चूक मोठी होती. दोन ट्रिपच्या मध्ये, ट्रेलर घरासमोर उभा असताना एक जोरदार वादळ झालं होतं. तासभर धो धो पाऊस. आणि आत पलंगाजवळची जमीन कोरडी ठणठणीत! हे दोघांनीही पाहिलं होतं, पण कुणी मोजलं नाही. डोक्यात छत बसलं होतं ना. तिसऱ्या ट्रिपला तीन दिवस आकाश निरभ्र. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजा ओला.

तिची दुसरी व्हॉईस नोट या टप्प्यावरची आहे:

"दादा, आता तर भांडणं व्हायला लागलीत. हा म्हणतो, तू आंघोळीला पडदा नीट लावत नाहीस. मी म्हणते, तूच विकणाऱ्याकडे नीट चौकशी केली नाहीस. आई रोज फोनवर विचारते, ट्रेलर तयार आहे ना? मी म्हणते, हो आई, मस्त आहे."

मी तिला एकच काम सांगितलं. वही घे. प्रत्येक दिवसाची एक ओळ: पाऊस होता का, पाणी कुठून घेतलं, आंघोळी झाल्या का, रात्री गारठा होता का, ट्रेलरचं नाक वर होतं की खाली, आणि ओल कुठे नि किती. जुन्या तिन्ही ट्रिपाही फोनमधले फोटो बघून आठवून लिही.

वहीत काय दिसलं? ट्रिपच्या दिवशी ओल, घरी उभा असताना ओल नाही. पाऊस अर्ध्या नोंदींत होता, अर्ध्यांत नव्हता. आंघोळीचंही तेच, पहिल्या ट्रिपला सगळे कॅम्पग्राउंडच्या बाथरूममध्ये गेले होते आणि तरीही ओल आलीच. म्हणजे पडद्याचा आरोप पडला! पण एक गोष्ट प्रत्येक ओल्या दिवशी होती: कॅम्पग्राउंडच्या नळाला पाइप जोडलेला. घरासमोर तो कधीच नव्हता.

इथं जरा थांबू, कारण यंत्रणा समजली तर पुढचं सगळं सोपं आहे. ट्रेलरला पाणी दोन तऱ्हांनी मिळतं. एक, स्वतःच्या टाकीतून, १२ व्होल्टच्या छोट्या पंपानं. दोन, थेट बाहेरच्या नळाला पाइप जोडून. पंपाला एक प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की नळीत प्रेशर चढतं, साधारण ४५-५५ पीएसआयला पंप स्वतःच बंद पडतो. नळ उघडला की प्रेशर उतरतं, पंप परत टर्रर्र सुरू. कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय असतं, त्यावरून अंदाज घ्या. किंवा असं बघा, गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून १५ मीटर उंच असेल तर तुमच्या नळाला जेमतेम २१ पीएसआय मिळतं.

कॅम्पग्राउंडच्या नळाचं काही खरं नसतं. कुठे ४०, कुठे ८०, कुठे त्याहूनही चढ. म्हणून मध्ये एक पितळी रेग्युलेटर लावायचा असतो, जो प्रेशर पन्नासच्या आसपास धरून ठेवतो. यांच्याकडे तो नव्हता. आणि बाहेरचा पाइप जोडलेला असताना पंप बंदच असतो, त्यामुळे नळीतून पाणी गळत असलं तरी कसलाही आवाज येत नाही. चोर आला तर कुत्रा भुंकतो, पण इथं कुत्र्यालाच सुट्टी!

तर तपासाची पद्धत अशी. बाहेरचा पाइप काढा. टाकी भरा, पंप सुरू करा, सगळे नळ एकदा उघडून हवा काढा आणि बंद करा. पंप थांबेल. आता कुणी पाण्याला हात लावायचा नाही, आणि ऐकत बसायचं. पंप परत वाजला, म्हणजे नळीतलं पाणी कुठेतरी गेलं. त्यात एक मेख आहे. कधीकधी पंपाचा स्वतःचा एकदिशा व्हॉल्व्ह खराब होतो आणि पाणी मागे टाकीतच परततं, जमिनीवर थेंब नसतो. पंप वाजला एवढ्यावरून गळती सिद्ध होत नाही. पण एक-दोन तास वाजलाच नाही, तर निदान पंपाच्या प्रेशरला तरी नळ्या ठीक आहेत.

तिनं आधी पाच मिनिटं ऐकलं. काही नाही. 'नळ्या चांगल्या आहेत' असा मेसेज केला. मी म्हटलं, बाई, तासभर बस. तेव्हा तिला आठवलं. मुलांनी हट्ट केला म्हणून एका रात्री ते सगळे घरासमोरच ट्रेलरमध्ये झोपले होते, पंप चुकून चालू राहिला होता आणि रात्रभर अधूनमधून टर्र वाजायचं. तिनं नवऱ्याला उठवलं तर तो म्हणाला, पंप आहे, वाजणारच! या वेळी तिनं तासभर बसून मोजलं. साधारण वीस मिनिटांनी एकदा, एक सेकंद. दर वेळी अर्धा कप पाणी जातं धरलं, तरी दहा तासांत दोन-तीन लिटर. आणि हे पंपाच्या प्रेशरला. कॅम्पग्राउंडच्या नळाला किती जात असेल!

म्हणजे 'केव्हा'चं उत्तर मिळालं. आता 'कुठे'. ट्रेलरमधल्या नळ्या पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या असतात. नळी स्वतः सहसा गळत नाही, गळतात ते जोड. म्हणून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळायचा. बोटाला न कळणारा ओलावा टिश्यूला कळतो. सिंकखाली, टॉयलेटमागे, गिझरच्या मागे, पंपाशी, बाहेरून पाइप जोडतात त्या तोंडाशी, सगळीकडे तिनं टिश्यू बांधले. "ट्रेलरची गुढी उभारल्यासारखं वाटत होतं," म्हणाली. दोन तासांनी सगळे कोरडे.

इथं बरेच जण हात टेकतात. पण वहीत एक रकाना अजून वापरला नव्हता: नाक वर की खाली. कॅम्पग्राउंडवर तिन्ही वेळा ट्रेलरचं नाक किंचित खाली होतं, आणि पलंग पुढच्या बाजूला आहे. घरासमोरचा रस्ता असा की नाक वर राहतं. म्हणजे घरासमोर पाणी गळलंच असेल तर ते मागे गेलं असणार, जिथं कुणी मोजा घालून चालत नाही! मग त्यांनी पुढचा जॅक फिरवून नाक आणखी वर केलं, पंप चालू ठेवला आणि झोपले. सकाळी पलंगाजवळ कोरडं. मागच्या कोपऱ्यातल्या सामानाच्या कप्प्यात, फोल्डिंग खुर्च्यांच्या खाली, पाण्याचं थारोळं.

त्या कप्प्याच्या वर काय होतं? बाहेरचा शॉवर. चिखलाचे पाय, कुत्रा वगैरे धुवायला ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीत एक छोटा कुलपाचा डबा असतो, त्यात गरम-गार नळ आणि हँड शॉवर. यांनी तो एकदाही उघडला नव्हता, त्याची किल्ली कुठली हेही माहीत नव्हतं. त्यामुळे टिश्यूच्या यादीत तो आलाच नाही. आतून चार स्क्रू काढून पॅनेल उघडलं, टॉर्च मारला. नळाच्या प्लास्टिकच्या अंगाला केसाएवढी चीर. थेंब जमायचा, भिंतीच्या आतल्या बाजूनं उतरायचा, व्हायनलखाली गडप.

चीर का पडली? मिशिगनची थंडी. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि बंद जागेत ते नळाला फोडतं. म्हणून तिकडे हिवाळ्याआधी नळ्या रिकाम्या करतात, किंवा त्यांत गुलाबी रंगाचं, विषारी नसलेलं अँटिफ्रीझ भरतात आणि एकेक नळ उघडून गुलाबी धार येईपर्यंत थांबतात. विकणाऱ्यानं आतले सगळे नळ केले असणार, आतलं काहीच फुटलं नव्हतं. बाहेरचा शॉवर राहिला. तो नळ उघडलाच नाही तर त्या फाट्यातलं पाणी तिथंच अडकतं आणि गोठतं. मुद्दाम फसवलं असेल असं मला वाटत नाही. विसरण्यासारखीच ती जागा आहे.

नवा नळ तीसेक डॉलरला आला. जमिनीचा साधारण दोन फूट तुकडा भुसभुशीत झाला होता, तो कापून नवा प्लाय बसवला, त्याआधी दहा दिवस पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून आतलं सगळं वाळवलं. वाळवल्याशिवाय वरून बंद करायची घाई करू नका हं, आत बुरशीला आयतं घर मिळतं. रेग्युलेटर घेतला. आणि छतावरचं सिलिकॉन अजून खरवडतायत.

आता कुणाच्या वहीत खरंच पाऊस निघाला, तर? तर एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर बागेचा पाइप घेऊन. खालून सुरुवात करायची. आधी खिडकीची खालची कड, पंधरा मिनिटं. मग बाजू, मग वरची कड, मग बाजूचे छोटे दिवे, मग छताची कडेची पट्टी, आणि सर्वांत शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या भिंतीवरून ओघळतं आणि छत गळालं की खिडकी, ते कळत नाही. काही वर्कशॉपवाले उलटं करतात: मोठा पंखा लावून ट्रेलरच्या आत हवेचा दाब वाढवतात आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारतात. जिथं बुडबुडे, तिथं फट. सायकलचं पंक्चर काढतो तेच तत्त्व. आणि छतातून कोरड्या दिवशी ठिबकत असेल तर एसीकडे बघा. त्याचं पाणी छतावरच वाहून जायचं असतं, खालचं रबर दबलेलं असेल तर ते आत उतरतं.

ऑगस्टमध्ये आई-बाबा आले, पिक्चर्ड रॉक्स झालं. पहिल्या रात्री आईनं विचारलं म्हणे, "ज्या पंपाचं दोन महिने फोनवर ऐकलं तो वाजत कसा नाही गं?"

मला वाटलं, एपिसोड संपला. पण ऑक्टोबरमध्ये तिचा रात्री मेसेज: 'दादा, परत!' गादीखालचा प्लाय ओला. पंप गप्प, पाऊस नाही, टिश्यू कोरडे. घाबरून अर्धा ट्रेलर उघडला होता तिनं. मी म्हटलं, वही उघड. वहीत होतं: बाहेर ४ अंश, खिडक्या-झरोके बंद, आईनं आत गॅसवर पिठलं-भात केला, चार माणसं झोपली.

चौथा आरोपी! एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. आपल्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात अशीच २२ लिटरच्या आसपास वाफ सोडतो, फक्त आपल्या खिडक्या उघड्या असतात. ट्रेलरची भिंतीतली शेगडी आपला धूर बाहेर सोडते, पण ओट्यावरचा गॅस सगळं आतच सोडतो. त्यात चार जणांचा श्वास नि घाम. ही वाफ सगळ्यांत गार जागा शोधते, आणि गादीखालचा प्लाय खालून गार, वरून अंगाच्या उबेनं दमट. उपाय अगदी साधा: स्वयंपाकाच्या वेळी आणि रात्री छताचा झरोका बोटभर उघडा ठेवायचा, गादीखाली पट्ट्या टाकून हवा खेळू द्यायची. आणि ऊब यावी म्हणून ओट्यावरचा गॅस पेटवून झोपू नका. त्यात पाण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती मोठी आहे, जीव जातो त्यानं.

मी हे सगळं सूत्रासकट तिला समजावून सांगत होतो. मागून आईचा आवाज आला:

"अगं, पावसाळ्यात सकाळी गादी उभी करून ठेवायची असते. सांगलीत रोज करायचीस ना!"